दुपारच्या पहाऱ्यावरचा कॅमेरा

कानिफनाथला काही सांगायचं असलं की तो आधी माईक तपासतो. समोर माईक नसला तरी. "हॅलो, हॅलो, रामकृष्ण हरी, चेक," असं म्हणून घसा साफ करतो आणि मगच मुद्द्यावर येतो. मुलगी बघायला गेला तेव्हा भावी सासऱ्यासमोरही तो असंच म्हणाला, असं जांभुळदऱ्यात सांगतात. त्याची बायको निकिता म्हणते की हे साफ खोटं आहे. पण म्हणताना हसते, त्यामुळे आमचा विश्वास बसत नाही.

जांभुळदरा पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पोटात. मी मूळची राहात्याची, आता नगरला असते, पण उमेदीची सगळी वर्षं या गावच्या शाळेत शिकवण्यात गेली. कानिफनाथ माझा विद्यार्थी. विद्यार्थी कसला, अर्ध्या वर्षाचा पाहुणा. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि उन्हं तापायला लागली की उसाच्या पाचटाने हातपाय खरवडून घेतलेला असा परत यायचा. मधल्या काळात पाढे विसरलेला असायचा, पण बोलायचं विसरलेला नसायचा. मी त्याला "पुढारी" म्हणत असे. त्याला ते कौतुक वाटायचं.

आता तो चाळिशीला टेकलाय. डोक्यावर मागे-पुढे दोन्हीकडे "डीजे" छापलेली टोपी, कपाळावर गंध, गळ्यात तुळशीची माळ, कमरेला काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं. गावात त्याची साऊंड सर्व्हिस आहे. लग्न, बारसं, प्रचारसभा, कीर्तन, सगळीकडे त्याचेच भोंगे. प्रचारसभेत एकदा पुढारी बोलायला उठले आणि याने "माउली, माईक जरा लांब धरा" असं सांगितलं. पुढाऱ्यांनी धरला. या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, कारण तो विचारतच नाही, गृहीत धरतो.

भोंग्यांमागे बसून त्याने इतकी कीर्तनं ऐकली की कोणता महाराज कुठे थांबणार आणि टाळकरी कुठे उचलणार, हे त्याला आधी कळतं. आणि याच बसण्यातून त्याला खूळ लागलं. इतकं चांगलं बोलतात ही माणसं, ते मंडपाच्या कनातीपाशीच का संपावं? मग त्याने मोबाईलवर चॅनल काढलं, "हरिनाम जांभुळदरा लाईव्ह". सुरुवातीला बघणारे सगळे त्याचे पाहुणे. त्यांनाही तो फोन करून विचारायचा, "पाह्यलं का? पूरं पाह्यलं का?" पाहुणे त्याचा फोन उचलायला घाबरू लागले.

पुढे तो शहाणा झाला, म्हणजे त्याच्या मते. प्रवचनाच्या व्हिडिओवर वक्त्याचा फोटो, त्याच्या तोंडाकडे जाणारा भलामोठा लाल बाण आणि खाली पिवळ्या अक्षरांत "बघा काय म्हणाले महाराज!!!" गावातल्या भिमाजीतात्यांचं प्रवचन त्याने असंच सजवून टाकलं. कुणीतरी ते तात्यांना दाखवलं. तात्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कानिफ, ह्यो बाण कशाला?"

"लोक थांबून बघत्यात, तात्या."

"मपल्या तोंडात काय घुसलंय का? लोक थांबून तेच बघत असतील."

लाल बाण गेला. तात्या बोलले की जांभुळदऱ्यात गोष्टी जातात. ऐंशीच्या घरातले, काटकुळे, पांढरं धोतर आणि वर कुणीतरी दिलेला निळा स्वेटर. गावच्या सप्ताहाचं सगळं त्यांच्याकडे. शाळा फारशी झाली नाही, पण सकाळच्या प्रवचनात ते इतकं सोपं बोलत की माझ्यासारखी चिकित्सक बाईही गप्प बसून ऐकायची. देवाला तुमचा वेगळा वेळ नको, ते सांगत. कामातच दोन श्वासांच्या मधे त्याचं नाव ठेवा, तेवढी जागा त्याला पुष्कळ होते.

हा सप्ताह हीच गावची पंचाईत होती. गावातल्या जुन्या महाराजांची पुण्यतिथी पौषात येते आणि पौषात अर्धा गाव कारखान्यावर असतो. तिथी काही कुणाच्या सोयीने सरकत नाही. धडधाकट माणसं तोडीला गेलेली, मागे उरतात म्हातारी, लेकरं आणि माझ्यासारखे बाहेरून आलेले हौशी. आणि सप्ताहात वीणा उभी केली की सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. रात्रंदिवस ती कुणाच्या तरी गळ्यात, तार छेडत, तोंडाने नाम चालू. पाळीपाळीने पहारा. एकाच्या गळ्यातून निघायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. त्या वर्षी पहाऱ्याला माणसं पुरत नव्हती. कमिटीत कुणीतरी सप्ताह तीन दिवसांचा करू म्हणालं. तात्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. विषय तिथेच मिटला.

त्याच बैठकीत कानिफनाथ उभा राहिला. "हॅलो, रामकृष्ण हरी," तो म्हणाला, आणि मग त्याने मागणी मांडली. सातही दिवस, चोवीस तास, सप्ताह मोबाईलवर थेट दाखवायचा. तोडीला गेलेल्यांना तिथे बसून दिसला पाहिजे.

"न्हाई," तात्या म्हणाले.

"तात्या, ऐकून तर घ्या."

"आरं, हितं येणारा आंघूळ करून येतो, चपला भाईर काढतो, मांडी घालून बसतो. मोबाईलवर कोन कसा बसलाय, काय खातोय, कुठं बसून ऐकतोय, तुला ठाव हाय का?"

लोक हसले. कानिफनाथ नाही हसला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, पण त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. तो म्हणाला, "तात्या, म्या बावीस वर्सांचा हुईपोत्तर मपल्याच गावचा सप्ता पाह्यला न्हाई. दर साली पौषात कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत हुतो. काल्याच्या दिशी आई कारखान्याच्या दुकानातून दही आनायची, लाह्यांत कालवायची, आन म्हनायची, खा, आपल्या गावात आज काला हाय. म्या इचारायचो, काला म्हंजी काय करत्यात? तिला सांगाया यायचं न्हाई. तिनं बी लगीन झाल्यापून पाह्यला नव्हता."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा ते नक्की कळलं नाही.

तात्यांचा मुलगा सहादेव आणि सून चांगुणा हीसुद्धा तोडीलाच होती. तात्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, परत वर केल्या. मग म्हणाले, "लाव. पर एक सांगतो. तुझ्या त्या यंत्रानं नामात खंड पडला, नुस्ता एकदा जरी, तर त्याच टायमाला काढायचं. आन परत गावात न्हाई लावायचं. ह्या साली न्हाई, पुढल्या साली न्हाई."

"कबूल," कानिफनाथ म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला धडकी भरली. वायरी, बॅटऱ्या, जनरेटर यांच्या जिवावर असं वचन द्यायचं नसतं.

गावात मोबाईलला रेंज म्हणजे चेष्टा. कानिफनाथने एक मोबाईल देवळामागच्या लिंबाच्या शेंड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगला, तिथून खाली नेट घेतलं, आणि दुसरा मोबाईल मंडपात स्टँडवर लावला. तिसरा त्याच्या खिशात. निकिता म्हणाली की लेकरांच्या दप्तराला पैसे नसतात आणि याच्याकडे मोबाईलचं दुकान आहे. पण लिंबावर चढताना खालून शिडी तीच धरून होती.

पहिल्या दिवशी बघणारे पन्नास-साठ. दुसऱ्या दिवशी सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथे जिथे आमच्या तालुक्याच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या तिथून माणसं जमायला लागली. मग त्यांच्या टोळीशेजारच्या टोळ्या, मग एक ट्रकवाला, मग सुरतेहून कुणी साडीच्या कारखान्यातला. लिहून प्रश्न यायला लागले. प्रवचन संपल्यावर कानिफनाथ ते मोठ्याने वाचून दाखवायचा. एकाने विचारलं होतं, मोळी बांधताना नाव घेतलं तर चालतं का, आंघोळ झालेली नसते. मी तात्यांकडे पाहिलं. बैठकीत आंघोळीचा मुद्दा त्यांनीच काढला होता.

तात्यांनी डोकं खाजवलं. "लिही त्याला," ते म्हणाले. "मोळीत बांध म्हनावं नाव. मोळी कारखान्यात जाईल, नाव तुझ्यापाशी ऱ्हाईल."

"तात्या, लिहायचं न्हाई, तुमचं बोलनं त्याला ऐकू गेलं."

"गेलं?" तात्या दचकले. मग स्टँडवरच्या मोबाईलकडे वळून, जरा ओशाळून, त्यांनी हात जोडले. "बरं मंग. आंघोळ सांच्याला कर."

त्याच्या पुढच्या दिवशी प्रवचनाला बसताना त्यांनी मांडी मोबाईलकडे थोडी तिरकी घातली. कुणाला कळलं नाही असं त्यांना वाटलं. मी कानिफनाथला कोपर मारलं, तो आधीच दात काढून हसत होता.

ते झालं पाचव्या दिवशी दुपारी. पंगत उठली होती. भाकरी, वांग्याची भाजी आणि शिरा पोटात गेल्यावर गाव असा झोपतो की चोराला आवाज देऊन उठवावं लागेल. मंडपात लोक वाकळा टाकून आडवे. मी खोक्याएवढ्या स्पीकरला डोकं टेकून "जरा डोळे मिटते" म्हणाले होते. कानिफनाथ मिक्सरजवळ बसल्या बसल्या पेंगत होता. त्याने खिशातला मोबाईल वायरीने मिक्सरला जोडून ठेवला होता, संध्याकाळच्या आरतीआधी सनईची धून लावायची म्हणून. दुपारच्या पहाऱ्याला सूर्यभान होते, आमचे एसटीतले निवृत्त कंडक्टर. पण त्यांचा गुडघा धरला, म्हणून तात्या म्हणाले, तू पड जरा, मी धरतो. सकाळचा पहारा त्यांनीच केला होता. आणि वर हा.

पुढचं मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं. तात्या खांबापाशी उभे आहेत, वीणा गळ्यात, ओठ हलतायत. मग पाठ खांबाला टेकते. मग ओठ थांबत थांबत हलतात. मग पाठ खांबावरून हळूहळू खाली यायला लागते, गुडघे वाकतात, वीणेचा पट्टा खांद्यावरून कोपरावर येतो. मंडपात एकही डोळा उघडा नाही. वीणेचा भोपळा सतरंजीकडे निघालाय, अगदी निवांत.

तिकडे सांगलीकडच्या एका उसाच्या फडात आमच्या गावची टोळी जेवायला बसली होती. बांधावर मोबाईल दगडाला टेकवून ठेवलेला. चांगुणाच्या हातात भाकरी होती. मामा, म्हणजे सासरे, पेंगतायत हे तिला सगळ्यात आधी दिसलं, कारण बाकीचे वीणेकडे बघत होते आणि ती मामांच्या तोंडाकडे. सहादेव म्हणाला, अगं फोन लाव कुणाला तरी. तात्यांकडे मोबाईल नाही. तिने दोन-तीन घरांत लावला, सगळे झोपेत. आणि मोबाईलवर जे दिसतं ते थोडं उशिरा दिसतं, हे तिला कानिफनाथनेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे आपण बघतोय त्याच्या पुढे सगळं गेलेलं असणार. तिने कानिफनाथला लावला.

मिक्सरवर मोबाईल थरथरला. कानिफनाथने अर्धवट झोपेत उचलला. वायर तशीच.

"मामाऽऽ!"

देवळाच्या शिखरावरचे चारही भोंगे एकदम ओरडले. माझ्या कानाखालचा स्पीकरही. मी बसल्या जागी वीतभर उडाले.

"मामा, उठाऽऽ! वीणा चालली खालीऽऽ!"

डोंगरावरून तो आवाज परत आला. कुत्री भुंकायला लागली. तात्यांनी डोळे उघडले आणि सतरंजीपासून चार बोटांवर वीणा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. "रामकृष्ण हरी," त्यांच्या तोंडून निघालं. म्हणजे निघालं नाही, फुटलं.

चांगुणा लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सोडून बोललेली नाही. बोलायची तेही दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं. तिचा आवाज कसा आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. आता ते सगळ्यांना कळलं, पलीकडच्या वाडीलाही.

घराघरांतून माणसं धावत आली. कुणी टॉवेलवर, कुणी एका पायात चप्पल. सूर्यभान लंगडत आले. तात्या खांबापाशी वीणा धरून नाम घेत उभे होते, आणि तार जरा जास्तच जोरात छेडत होते. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या डुलक्या पकडल्या, त्यांची डुलकी दोन-तीन जिल्ह्यांनी पाहिली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

कानिफनाथ पांढराफटक पडला होता. नामात खंड पडला होता. त्याच्या यंत्राने भोंग्यांतून बोंब मारली होती. कुणी काही बोलण्याआधी तो उठला, स्टँडपाशी गेला आणि मोबाईलचा स्क्रू फिरवायला लागला. मी म्हणाले, "थांब रे जरा." तो म्हणाला, "शबुद दिलाय, बाई." ज्याला गप्प बसवण्यात माझी सगळी नोकरी सरली, तो गप्प झाला, आणि मला रडू आलं.

सूर्यभान वीणा घ्यायला पुढे आले. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, मान काही पाहत नाहीत. वीणा सांभाळली त्याच्या पायाशी आणि वीणा सांभाळणार त्याच्या पायाशी. तात्यांनी वीणा सूर्यभानच्या गळ्यात घातली. वाकले. सूर्यभानही वाकले. आणि मग तात्या तिथे थांबले नाहीत. वळून मंडपाच्या मधोमध चालत स्टँडपाशी आले.

"हाय का ती त्याच्यात आजून?" त्यांनी विचारलं.

फोन चालूच होता. भोंग्यांतून कुणाच्या तरी धापा ऐकू येत होत्या. कानिफनाथने मान हलवली.

भिमाजीतात्यांनी कमरेला हात लावला, हळूहळू गुडघे टेकले आणि त्या लोखंडी स्टँडच्या तीन पायांपुढे डोकं ठेवलं.

"मामा, न्हाई! मामा, उठा! आसं करू नका, मला पाप लागंल!" चांगुणा भोंग्यांतून ओरडली. आता ती रडत होती.

"गप," तात्या खालूनच म्हणाले. "वीना कोनी सांभाळली? म्या न्हाई सांभाळली. जिनं सांभाळली तिच्या पाया पडलो. रीत हाय ती." उठायला त्यांना कानिफनाथचा हात लागला. हात धरूनच ते त्याला म्हणाले, "आन तू ते काढतो कशाला? ती पहाऱ्यावर हाय न्हवं?"

जांभुळदऱ्यात बाईच्या गळ्यात वीणा देत नाहीत. का देत नाहीत ते मी पूर्वी विचारलं होतं, उत्तर आलं नव्हतं. त्या दुपारी सगळे खाली बघत होते, बायका सोडून.

कानिफनाथने स्क्रू परत आवळला. डोळे टोपीने पुसले. सूर्यभान वीणा छेडत होते, पण नाम विसरून मोबाईलकडेच बघत होते.

"सूनबाई," तात्या मोबाईलच्या अगदी जवळ जाऊन, बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडले, "थांबली का? नाव धर!"

मग भोंग्यांतून, पदर तोंडात धरल्यासारखा, बारीक आवाज आला. "रामकृष्ण हरी." मग परत. मग तिच्यामागे सहादेवचा जाड आवाज, मग आणखी एक, मग सगळी टोळी. भाकरी हातात, फडात उभी राहून ती माणसं गात होती, आणि इकडे शिखरावरून आमचा तोडीला गेलेला अर्धा गाव आमच्या अंगावर बरसत होता.

मंडपाच्या दारात म्हाताऱ्या गोळा झाल्या होत्या. त्या वर भोंग्यांकडे तोंड करून एकेक आवाज ओळखायला लागल्या. एकीने दुसरीचा हात गच्च धरला.

"ऐक, ऐक. ह्यो मपला गोरक्षनाथ," ती म्हणाली. "बेसूर हाय बघ. मपलाच हाय."